जुनी मिनी आखूड कशी करायची: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये जुन्या मिनी गाड्यांच्या मेळाव्याला गेलात, तर रांगेत एखादी ‘शॉर्टी’ बहुतेक वेळा भेटतेच. दार संपतं तिथेच मागचं चाक सुरू झालेलं असतं, मागची सीट नसते, गाडी दोघांपुरतीच उरलेली असते. पोरं तिच्याभोवती जमतात आणि जाणकार मंडळी गुडघे टेकून खालून सांधा शोधतात. मी मिडलँड्समध्ये राहतो, लाँगब्रिजपासून फार लांब नाही. मिनी जिथे तयार व्हायची त्यातला तो एक मुख्य कारखाना. इथल्या मराठी मित्रांपैकी दोघा-तिघांनी जुनी मिनी घेऊन ठेवली आहे आणि ‘ही आखूड करायची तर सुरुवात कुठून करायची’ हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कापण्याचं काम एका दुपारचं असतं. त्याआधी मापं धरून ठेवणं आणि त्यानंतर ती मापं न हलू देता जोडणं, यात महिने जातात. ज्याला मोजायचा कंटाळा आहे त्याने या कामात पडू नये.

मिनीच का

1959 साली आलेली ही गाडी अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखली. लांबी साधारण 3.05 मीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस सुमारे 2.04 मीटर. इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटात आणि ओढ पुढच्या चाकांची. आखूड करायच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे, कारण गाडीच्या मधून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा फिरता शाफ्टच नाही. मागच्या चाकांच्या ओढीची गाडी कापायची तर शाफ्टही कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यावा लागतो. मिनीत मधल्या भागातून जातात ते फक्त पाइप, केबल, वायरी आणि सायलेन्सरची नळी.

दुसरी सोय सबफ्रेमची. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन एका लोखंडी चौकटीवर, मागची चाकं दुसऱ्या चौकटीवर, आणि दोन्ही चौकटी बॉडीला बोल्टने जोडलेल्या. म्हणजे पुढचा संच आणि मागचा संच आपापल्या जागी पूर्ण असतो, आणि आपण फक्त त्यांच्यामधलं अंतर कमी करतो. खुद्द कारखान्यानेही या अंतराशी खेळ केला होता. मिनीची व्हॅन, इस्टेट आणि पिकअप यांचा व्हीलबेस साध्या गाडीपेक्षा चार इंचांनी, म्हणजे जवळपास 10 सेंटिमीटरने जास्त होता.

अडचणही इथेच आहे. या गाडीला वेगळी चॅसी नाही, म्हणजे ती ‘मोनोकॉक’ आहे. जमिनीचा पत्रा, त्यातला मधोमध वर उचललेला लांब बोगदा, दाराखालची सिल, छप्पर, हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा होतो. तुम्ही कापता तो वरचा मुखवटा नसतो, गाडीचा कणाच असतो.

कागद आधी, ग्राइंडर नंतर

ब्रिटनमध्ये मूळ ढाचा बदललेल्या गाडीची जुनी नोंदणी तशीच चालेल की तिला नवीन तपासणीतून जावं लागेल, हे डीव्हीएलए, म्हणजे तिथली वाहननोंदणीची सरकारी संस्था, ठरवते. त्यामुळे कापण्याआधी काय करणार आहात हे त्यांना लेखी कळवा, उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीचंही तसंच. ‘मॉडिफाइड’ एवढा एक शब्द कळवून भागत नाही. मोनोकॉक कापून व्हीलबेस कमी केला आहे असं स्पष्ट लिहा. अपघातानंतर हा तपशील पुढे आला तर पॉलिसी नुसता कागद ठरते.

40 वर्षांहून जुन्या गाड्यांना इथे वार्षिक एमओटी तपासणीतून, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का या तपासणीतून, सूट मिळते. पण गेल्या 30 वर्षांत जिच्यात मोठा ढाचाबदल झाला आहे तिला ती सूट लागू होत नाही. आपली शॉर्टी दरवर्षी तपासणीला न्यायची आहे हे गृहीत धरूनच चला. खरं सांगायचं तर, नियम नसता तरी मी हेच सुचवलं असतं.

गावाकडून कोणी वाचत असेल आणि अंगणातली मारुती 800 डोळ्यांसमोर आली असेल, तर त्यांच्यासाठी स्पष्ट सांगतो. तांत्रिकदृष्ट्या ती गाडीही पुढच्या चाकांच्या ओढीची आणि मोनोकॉकच आहे. पण भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. बेकायदा बदलाला मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रातल्या रस्त्यावर आखूड मारुती चालवायची वाट सध्या नाही. कोणी डेंटर ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणाला तर त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.

कोणती गाडी कापावी

धडधाकट, मूळ स्थितीतली मिनी कापू नका. अशा गाड्या कमी होत चालल्या आहेत आणि त्यांची किंमतही वाढली आहे. मधल्या भागात गंजलेली, पण पुढचं आणि मागचं टोक शाबूत असलेली गाडी शोधा. मागच्या प्रवाशाच्या पायाखालचा पत्रा कुजला असेल तर हरकत नाही, तो नाहीतरी जाणारच आहे.

तपासायची मुख्य जागा म्हणजे हीलबोर्ड. मागच्या सीटच्या खाली, पोटऱ्यांना लागतो तो उभा पत्रा. मागच्या सबफ्रेमचे पुढचे दोन आधार याच पत्र्याला बोल्टने बसवलेले असतात. मागच्या चाकांचा सगळा जोर इथून बॉडीत शिरतो. गाडी स्टँडवर घ्या, खाली झोपा, टॉर्च लावा आणि हीलबोर्डचे दोन्ही कोपरे, जिथे ते सिलला मिळतात, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठोकून बघा. जाड काळ्या अंडरकोटवर विश्वास ठेवू नका, तो खरवडून काढा. चांगल्या पत्र्याचा आवाज टणक येतो. कुजलेल्या जागी टोक आत जातं आणि तांबडा भुगा तोंडावर पडतो, म्हणून चष्मा लावूनच झोपा. कोपरे कुजले असतील तर कापण्याआधी हीलबोर्ड बदलून घ्यावा लागेल. तो खर्च गाडीच्या भावातून वजा करून मगच बोलणी करा. डिकीतला बॅटरीचा डबा आणि मागची सबफ्रेमही गंजतात, पण ते सुटे मिळतात आणि बदलता येतात.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: रबर कोन सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगच्या जागी रबराचे शंकू असलेली गाडी घ्या. साठच्या दशकात काही मिनींना हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन होतं, त्यात पुढची-मागची चाकं द्रवाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. व्हीलबेस बदलला की गाडी झुलण्याचं सगळं गणितच बदलतं. पहिल्या कामाला ते डोकं नको.

किती कापायचं

लोक आधी आकडा ठरवतात आणि मग गाडीत बसून बघतात. उलटं करा. चालकाची सीट तुमच्या पायांना जिथे हवी तिथे लावा, पाठ हवी तेवढी कलती करा, दार लावून बसा. आता सीट कशावर बसणार, तिच्या मागचे पाय कुठे टेकणार, पाठ हीलबोर्डच्या वरच्या कडेला लागणार का, हे मोजा. घरात सगळ्यात उंच जो चालवणार आहे त्यालाही बसवा. दाराच्या मागच्या खांबापासून चाकाच्या कमानीपर्यंत बाजूचा पत्रा किती उरतो तेही बघा, कारण सांध्याला दोन्हीकडे निरोगी पत्रा लागतो. या सगळ्यातून जो कमीत कमी आकडा निघेल तोच तुमचा आकडा.

दार कापून आखूड करणं मात्र पहिल्या कामात टाळा. दाराची काच, काचेची यंत्रणा, कुलूप, बिजागऱ्या, सगळंच नव्याने जुळवावं लागतं आणि त्या वैतागात मूळ काम मागे पडतं.

जास्त कापलं की गाडी जास्त छान दिसते, हे खरं आहे. पण तिचं वागणंही त्याच हिशेबाने बिघडतं. ब्रेकच्या भागात त्याचे आकडे देतो, ते वाचून मगच खडूने रेघ मारा.

गाडी सोलणं

पेट्रोलची टाकी काढा आणि दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या इमारतीत ठेवा. पेट्रोलची नळीही सोडवून बाहेर काढा. नळी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. बॅटरी काढा, अल्टरनेटरच्या वायरी सोडा, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने तो जाईल. सीट, गालिचे, छपराचं कापड, रबरं, सगळं बाहेर. गाडीच्या जमिनीवर चिकटवलेले डांबरी पॅड खरवडून काढा, ते पेटतात आणि विझवल्यावरही आत धुमसत राहतात. काचा काढून गादीत गुंडाळून ठेवा, ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतली की तो ठिपका जन्मभर राहतो.

काढलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव. मिनीचे बहुतेक बोल्ट इंची मापाचे आहेत, मिलिमीटरचे पाने लावून कोपरे गोल करू नका.

दोन्ही सबफ्रेम मात्र जागेवरच, बोल्ट आवळलेल्या ठेवा. त्याच तुमचा साचा आहेत. सबफ्रेम काढून वेल्डिंग केलं की उष्णतेने पत्रा हलतो आणि नंतर बोल्टांची भोकं जुळत नाहीत.

मापं

सपाट जमीन हवी. फरशी उतरती असेल तर चार स्टँडखाली पट्ट्या देऊन गाडी पाणसळीत आणा. मग ओळंबा घ्या. पुढच्या सबफ्रेमच्या मागच्या बोल्टांपासून आणि मागच्या सबफ्रेमच्या पुढच्या बोल्टांपासून, डावीकडून आणि उजवीकडून, ओळंबा सोडा आणि गॅरेजच्या जमिनीवर बारीक खूण करा. चार खुणा होतील. डावी लांबी, उजवी लांबी, दोन्ही रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहा. कर्ण सारखे नसतील तर गाडी आधीच कुठेतरी धडकून वाकलेली आहे. ते आता कळलेलं बरं, जोडल्यावर कळलं तर तुम्ही त्याचा दोष आपल्या वेल्डिंगला देत बसाल.

याच खुणांवरून नवीन खुणा आखा. मागच्या दोन खुणा, ठरवलेल्या आकड्याइतक्या पुढे. ही जमिनीवरची रेघ शेवटपर्यंत पुसू देऊ नका, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. उंचीसाठी दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत सुतळी ताणून किंवा लेझर लावून सिल, खिडकीची कड आणि छपराची कड यांची उंची नोंदवा. फोटो काढा, फोटोत टेप दिसला पाहिजे.

आधार

कापण्याआधी पुढचा अर्धा भाग स्वतःच्या पायावर उभा राहील आणि मागचाही, अशी बांधणी करायची. चौकोनी लोखंडी पाइप घ्या. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक आडवा आणि एक तिरका पाइप वेल्डिंगचे लहान टाके मारून बसवा, म्हणजे बिजागरीचा खांब आणि कुलपाचा खांब यांच्यातलं अंतर हलणार नाही. मग एका खांबापासून समोरच्या खांबापर्यंत आडवा पाइप. मागच्या भागात चाकांच्या दोन कमानींमध्ये एक आडवा आणि तिथून छपरापर्यंत दोन तिरके. पाइप अशा जागी बसवा की कापायची रेघ त्यांच्यामधून मोकळी जाईल. दारं बसवलेलीच असू द्या, निदान एकदा आधार लावल्यावर ती उघड-बंद करून फट बघा. वरपासून खालपर्यंत फट सारखी असली पाहिजे. आधार लावतानाच फट बदलली असेल तर टाके तोडून पुन्हा लावा.

कापणं

आता कुठे ग्राइंडर. एक मिलिमीटरची पातळ डिस्क, कानात बोळे, तोंडावर पूर्ण शील्ड, हातात चामडी मोजे, शेजारी आग विझवायचं सिलिंडर आणि एक माणूस. एकट्याने हे काम करू नका.

जमीन, सिल आणि छप्पर एकाच उभ्या रेषेत कापू नका. सगळे सांधे एकाखाली एक आले तर गाडीला तिथेच मोडायची जागा मिळते. जमिनीचा काप मागच्या पायांच्या खड्ड्यात, हीलबोर्डपासून थोडा पुढे घ्या. सिलचा काप त्याहून थोडा मागे-पुढे. बाजूच्या पत्र्याचा काप दाराच्या खांबाच्या मागे, खांबाचा मूळ आकार पूर्ण ठेवून. छपराचा काप शक्यतो वेगळ्याच रेषेत.

आणि पहिल्या वेळी ठरवलेल्या रेघेच्या 20 मिलिमीटर आधीच कापा. जास्तीचा पत्रा नंतर घासून काढता येतो. कमी पडलेला पत्रा आणायचा कुठून? मधला तुकडा बाहेर निघाला की तो भंगारात टाकू नका. पट्ट्या, ठिगळं, आतल्या बाह्या करायला मूळ जाडीचा, मूळ वळणाचा पत्रा तोच आहे.

दोन भाग जुळवणं

मागचा अर्धा भाग चाकांच्या ट्रॉलीवर घेऊन पुढे सरकवा. इथे नवख्यांचा हिरमोड होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो: दोन्ही कडा एकमेकींना जुळणार नाहीत. मिनी वरून बघितली तर मध्ये फुगीर आणि मागे निमुळती आहे, बाजूने बघितली तर छप्पर मागे उतरतं. मधला तुकडा गेला की पुढची कड रुंद आणि उंच, मागची अरुंद आणि ठेंगणी, अशा समोरासमोर येतात. तुम्ही काही चुकलेलं नसतं, गाडीचा आकारच तसा आहे.

आधी खालचं जुळवा. सबफ्रेमच्या बोल्टांचे ओळंबे जमिनीवरच्या नव्या खुणांवर आणा, कर्ण बघा, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस एकमेकांशी दोन मिलिमीटरच्या आत आणा. ते झालं की गाडीच्या जमिनीचा पत्रा आणि सिल टाक्यांनी धरा. पाया एकदा बसला की वरचं काही झालं तरी तो हलवायचा नाही. बरेच जण आधी छप्पर जुळवतात, कारण डोळ्यांना तेच दिसतं, आणि मग मागचं चाक तिरकं बसतं.

वरचा फरक मोडायला पाचरीचे काप घ्यावे लागतात. बाजूच्या पत्र्यात कडेपासून आत लांब, निमुळती पाचर कापायची, कड हलकेच आत ओढायची आणि फट बंद करायची. शिंपी कुडत्याला चुण्या घालून कंबर आवळतो तसंच हे आहे. एका ठिकाणी मोठी पाचर घेतली तर तिथे कोना पडतो. तीन-चार लहान पाचरी, पुढच्या आणि मागच्या भागात वाटून, घेतल्या तर वळण नैसर्गिक राहतं. हातमोजा काढून तळवा पत्र्यावरून लांबीच्या दिशेने फिरवा. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळव्याला लागतं.

छपराचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच आहे. इथल्या पुष्कळ शॉर्टी उघड्याच असतात, कारण छप्पर कापून टाकणं सोपं वाटतं. पण छप्पर गेलं की पिळाला विरोध करणारा मोठा भाग गेला. मग सिल दुहेरी करावी लागते, दाराच्या खांबांमागे आडवी पेटी बांधावी लागते, पुढच्या काचेच्या चौकटीला आधार द्यावा लागतो. पहिल्या गाडीला छप्पर ठेवा असंच मी प्रत्येकाला सांगतो.

छप्पर ठेवलं की मागच्या बाजूच्या खिडक्या लहान होतात. त्यांची मूळ काच कापायला जाऊ नका. ती टफन्ड असते, कटर लागताच पूर्ण काच खड्यांचा ढीग होऊन खाली पडते. पुठ्ठ्याचा साचा करा आणि त्यावरून नवीन काच बनवून घ्या, किंवा पॉलिकार्बोनेट बसवा. ते रस्त्यावर चालेल का, हे तपासणी केंद्रात आधी विचारून घ्या.

वेल्डिंग

मिनीचा पत्रा पातळ, बराचसा मिलिमीटरच्या आसपासचा. मिग वेल्डर (तार आपोआप पुढे सरकवणारा), 0.6 मिलिमीटरची तार आणि कमी करंट. आधी काढून टाकलेल्या तुकड्यावर सराव करा. दोन पट्ट्या जोडा, शिकंजात धरा आणि हातोडीने वाकवा. वेल्ड उघडला तर सराव चालू ठेवा. वेल्ड टिकून शेजारचा पत्रा फाटला तर गाडीकडे वळा. हीलबोर्ड, सिल आणि जमिनीचा सांधा मात्र अनुभवी वेल्डरकडून करून घेण्यात कमीपणा नाही, उलट मी त्याचाच आग्रह धरेन. बाहेरच्या पत्र्यावर तुम्ही शिका.

लांब सांधा एका दमात ओढू नका. एक टाका इथे, दुसरा हातभर अंतरावर, तिसरा मध्ये. पत्र्याला हात लावता येईल एवढा थंड होऊ द्या आणि मग पुढचा. असं करत टाके एकमेकांना मिळवायचे. घाई केली की पत्रा तापून पापडासारखा उठतो आणि मग ती लाट पुट्टीखाली लपवावी लागते.

जमिनीचा आणि सिलचा सांधा मात्र अखंड असला पाहिजे, सुटे टाके तिथे चालत नाहीत. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या आधारांपासून 30 सेंटिमीटरच्या आतली जोडणी एमओटीवाले खास बघतात. सिलच्या आत मूळ पत्र्याचीच बाही घाला, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पुरेशी आत जाईल अशी, आणि बाहेरून भोकं पाडून तिला प्लग वेल्डने, म्हणजे ती भोकं वेल्डने भरून, धरा. मधल्या बोगद्यालाही तशीच आतून पट्टी. दाराचे आधार-पाइप सगळे सांधे पूर्ण होईपर्यंत काढायचे नाहीत.

जस्ताचा लेप असलेला पत्रा वापरत असाल तर वेल्डच्या जागेचं जस्त घासून काढा आणि दार-खिडक्या उघड्या ठेवा. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. काम थांबवल्यावर तासभर गॅरेज सोडू नका. आग बहुतेक वेळा आपण चहाला गेल्यावर लागते.

नळ्या, केबल आणि टाकी

ब्रेकची मागे जाणारी नळी वळवून, गुंडाळी करून बसवू नका. नवीन, योग्य लांबीची नळी तांबे-निकेलच्या मिश्रधातूची करून घ्या आणि टोकं दुहेरी वळवून. पेट्रोलची नळीही नवीन. हँडब्रेकची केबल मापाची बनवून घ्या. क्लँप लावून जुनी केबल आखूड करणारे दिसतात, तसं करू नका. बॅटरी डिकीत असते आणि तिची जाड केबल गाडीखालून पुढे जाते. ती नीट कापून टोकाला नवीन लग (धातूची कडी) दाबून घ्या, आणि जिथे पत्र्याला घासेल तिथे रबर. मागच्या दिव्यांच्या वायरींचा जास्तीचा भाग दुमडून बांधला तरी चालतं.

टाकी डिकीत डाव्या बाजूला असते, आणि आता ती तुमच्या पाठीच्या पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. मागच्या सीटमागच्या पत्र्यातली सगळी भोकं पत्रा वेल्ड करून बंद करा. प्लायवूड किंवा गालिच्याने झाकलेलं भोक हे उघडं भोकच. सीटबेल्टचे आधार मूळ जागी, मूळ जाड पत्र्यावर राहिले आहेत ना, हे दोनदा बघा. सरकवावे लागले असतील तर मागे जाडी वाढवणारी प्लेट हवीच.

ब्रेक: आखूड गाडीचा खरा धोका

आता ते आकडे. समजा गाडी आणि चालक मिळून 700 किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. जोरात ब्रेक मारला की मागच्या चाकांवरचं वजन पुढे सरकतं. किती सरकतं हे गुरुत्वमध्याच्या उंचीला व्हीलबेसने भागून ठरतं. जोरदार ब्रेकला, म्हणजे गुरुत्वाच्या 0.8 पट मंदनाला, मूळ 2.04 मीटरच्या गाडीत सुमारे 137 किलो पुढे जातात. तीच गाडी 25 सेंटिमीटर आखूड केली तर सुमारे 156 किलो. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर 280 किलो असतील, तर ब्रेक मारताना पूर्वी 143 उरायचे, आता 124 उरतात. मागची सीट, पत्रा, काचा गेल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

पण मागच्या ब्रेकना हे कोणी सांगितलेलं नसतं. ते जुन्याच दाबाने धरतात, हलकं झालेलं मागचं चाक आधी जाम होतं आणि गाडी गर्रकन फिरते. ओल्या इंग्लिश रस्त्यावर तर फारच लवकर. म्हणून मागच्या ब्रेकचा दाब कमी करावाच लागतो. जुळवता येणारा दाब-नियंत्रक व्हॉल्व्ह बसवा किंवा मागचे व्हील सिलिंडर लहान व्यासाचे घ्या. जुळवणी अशी हवी की पुढची चाकं नेहमी मागच्यांच्या आधी जाम व्हावीत.

वागण्यातले बाकीचे बदलही समजून घ्या. गाडी कमी जागेत वळेल, त्याची मजा आहे. पण स्टिअरिंग जरा हलवलं की ती लगेच दिशा बदलेल, आणि स्पीडब्रेकरवर पुढे-मागे झुलेल. मोठं इंजिन टाकून ही गाडी मोटरवेवर पळवायचा विचार करत असाल, तर ती न कापता ठेवा.

रंग, गंज आणि पहिली फेरी

सांधे घासताना वेल्डच सपाट करून पत्रा पातळ करू नका. वर सीम सीलर (सांध्याची फट बुजवणारा लेप), प्रायमर, पुट्टी लागेल तेवढीच. बंद पोकळ्यांत, म्हणजे सिल आणि खांबांमध्ये, नळीच्या टोकाने मेण फवारा. आतून जळलेला रंग हाच पुढच्या गंजाचा पाया असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. मेणाचं हे काम रंगाआधी नव्हे, रंगानंतर करायचं, नाहीतर मेण उष्णतेने झिरपून रंग बिघडवतं.

चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, मागच्याही. मग रिकाम्या, खासगी आवारात चला. आधी ताशी 15-20 किलोमीटरच्या वेगाने सरळ जाऊन ब्रेक. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने कुठलं चाक आधी थांबतं ते बघायचं. व्हॉल्व्ह जुळवा, पुन्हा बघा, मग वेग थोडा वाढवा. सोबत्याला गाडीची एक बाजू जॅकवर उचलायला लावा आणि दार उघडून लावून बघा. दार अडकलं तर सांगाडा पिळतो आहे, सिलच्या बाह्यांकडे परत जा.

पहिले दीडेकशे किलोमीटर झाले की सबफ्रेमचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ब्रेकच्या नळ्यांचे जोड पुसून ओल बघा, आणि गाडीखाली झोपून सांध्यावरचा सीलर तपासा. सीलरला केसाएवढी जरी चीर दिसली, तरी तो खरवडून खालचा वेल्ड उघडा करून बघायचा, वरून नवीन सीलर लावून पुढे जायचं नाही. हीच तपासणी दर सर्व्हिसिंगला.